कोटातला कावळा

सोमवार, २ मार्च

विसरलीस ना? जाताना एवढी जाड वही माझ्या मांडीवर ठेवलीस, वर निळं पेन ठेवलंस आणि म्हणालीस, "आई, रोजचं रोज लिहीत जा, म्हणजे आले की सगळं वाचीन." तुझ्या आईला लिहिता येत नाही हे जन्मल्यापासून बघतेयस, आणि नेमकं बॅग उचलायच्या वेळी विसरलीस. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळायला निघालीस, त्या गडबडीत घरच्या म्हातारीची काय याद राहणार म्हणा!

तर मी बोलते आणि तुझी लेक लिहिते. ती म्हणते, आजी, हळू बोल. मी म्हणते, तू भरभर लिही.

घरात सध्या एकच विषय आहे, काळा कोट. हिच्या विम्याच्या कचेरीत काउंटरवर बसणाऱ्याला काळा कोट लागतो. पहिला कोट स्वस्त म्हणून घेतला. तीन धुण्यांत त्याचे खांदे पडले, कोपर चकाकायला लागले, अस्तर आतून लोंबायला लागलं. परवा दुसरा आणला, त्याच दुकानातून. मी म्हटलं, "पगार मिळावा म्हणून कोट घालायचा आणि कोट मिळावा म्हणून पगार घ्यायचा, मग मधे तू कशाला हवीस? कोटालाच पाठव." हे लिहिताना तिने माझ्याकडे डोळे वटारले. लिहिलंय ना तरी? बरं.

नोकरी कच्चीच आहे अजून. एप्रिलमध्ये पक्की करतील, नाहीतर घरी पाठवतील. पक्की झाली की तू परत येणार. हे मात्र तू विसरली नसशील असं धरून चालते.

गुरुवार, ५ मार्च

हिला एक कल्पना सुचलीय आणि तेव्हापासून पाय जमिनीला लागत नाहीत. जेवताना उठते, चार पावलं टाकते, परत बसते.

कल्पना अशी. कचेरीत कागद ठेवायचं एक लोखंडी कपाट रिकामं पडलंय. ज्याला कोट घट्ट झाला, सदरा सैल झाला, त्याने तो तिथे ठेवायचा. ज्याला लागेल त्याने घ्यायचा. पैसे नाहीत. नवीन कपडा विकत घेणं थांबलं, जुना कचऱ्यात जाणंही थांबलं. एक कोट बनवायला नदीचं केवढं पाणी जातं, रंगाचं घाण पाणी परत नदीत कसं सोडतात, सगळं मला समजावून सांगत होती. मी म्हटलं, "मी काय केलं नदीला? मी तर तेच लुगडं अठरा वर्षं वापरतेय." म्हणाली, "म्हणूनच तुला सांगतेय आजी. शिवायचं तुला आहे."

घ्या! कल्पना हिची, सुई माझी.

वरच्या मोठ्या बाई, म्हणजे हिच्या कचेरीच्या प्रमुख, त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली. कोणता कपडा कुणाचा हे कुणालाही कळता कामा नये. ज्याने दिला त्याला मिरवायला नको, ज्याने घेतला त्याला लाजायला नको. त्यावरून भांडण झालं तर कपाट बंद, आणि जबाबदारी हिची. हिला पक्की करायचं की नाही हे त्याच बाई ठरवणार आहेत.

मला ती अट आवडली. बाई मोठ्याने बोलते, पण डोक्याने बोलते.

रविवार, ८ मार्च

दोन पिशव्या भरून कपडे आले. लोक काय काय टाकून देतात गं! एका कोटाला फक्त एक बटण नव्हतं. एका पँटची नुसती टीप उसवली होती. आणि सदऱ्यांच्या कॉलरी तर उलटवल्या की नव्या. झिजलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर, मान कुणाच्या बापाची खाली जात नाही.

पांढरे सदरे पिवळट पडलेत, ते मात्र रंगवायला लागतील. अक्रोडाच्या कवचाच्या पाण्यात उकळले की छान तपकिरी होतात. तू मागच्या खेपेला गेलीस तेव्हा अक्रोड पाठवलेस ते सोललेले. आई कवचं उकळायची हेही विसरलीस.

आता एक गंमत. हिने प्रत्येक कपड्याला चिठ्ठी टाचली होती, खिशात काही सापडलं तर कुणाचं ते कळावं म्हणून. पहिल्याच धुण्यात चिठ्ठ्यांचा लगदा झाला. आणि झाला नसता तरी मला काय उपयोग? म्हणून मी माझी खूण घातली, आत, अस्तराला, मानेखाली. कुठला कुणाचा ते हिने धुण्याआधीच सांगितलं होतं. नावं मला माहीत नाहीत, पण माणसं माहीत आहेत. रोज संध्याकाळी तुझी लेक पाय चेपत बसते तेव्हा सगळी कचेरी माझ्या खोलीतून फिरून जाते. जेवणानंतर टेबलावर झोपणारे साहेब आहेत ना, त्यांच्या कोटात उशी काढली. दुसऱ्याच्या डब्यातलं खाणाऱ्याच्या कोटात उंदीर. आणि मोठ्या बाईंच्या कोटात कावळा. छान उतरलाय, चोच उघडी.

ही हसून हसून लोळली. मग एकदम घाबरली. "आजी, कुणाला दिसलं तर?"

"काळ्या अस्तरावर काळा दोरा आहे. दिसायला काय आहे त्यात? मला बोटाने कळतं, बास."

तेव्हा परत हसली आणि अस्तर उलटून न बघताच कपडे इस्त्री करून, घड्या घालून पिशवीत भरले.

या खोलीतला बल्ब बदलायला हवा. अगदीच मिणमिणता झालाय. हिला म्हटलं, तर म्हणाली, आजी, बल्ब नवा आहे. हल्ली नवीन वस्तू अशाच निघतात, कोटासारख्या.

शनिवार, १४ मार्च

कपाट चाललंय! हिने चार फेऱ्या मारल्या खोलीत हे सांगताना. आता बसून लिहितेय, पण पाय हलतोय, त्यामुळे अक्षर नाचत असेल.

सगळ्यांत आनंदाची गोष्ट म्हणजे कावळ्याचा कोट नवीला मिळाला. नवी म्हणजे मागच्याच महिन्यात लागलेली मुलगी, हिच्या शेजारच्या काउंटरवर बसते. बाहीला रफू केलेला एकच सदरा आलटून पालटून घालायची. एकाच सदऱ्यात आलटून पालटून काय ते मला विचारू नकोस, हिनेच सांगितलं. कोट तिला मापून शिवल्यासारखा बसला. नवीनेही कपाटात एक परकरासारखी लांब काळी झालर ठेवली. ही म्हणते त्याला स्कर्ट म्हणतात. त्याला मी काहीच खूण केली नाही. त्या मुलीबद्दल ही कधी काही बोललीच नव्हती, मग काय काढू?

मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर हिला शाबासकी दिली म्हणे. एप्रिलचं काम झालं समज.

सुया बनवणारे लबाड झालेत. पूर्वी नेढं केवढं असायचं! आता केस जाणार नाही एवढं ठेवतात. दुपारी खालच्या मास्तरांना हाक मारून दोरा ओवून घ्यावा लागतो. ते ओवतात आणि चहाला थांबतात. सुईमागे एक कप, महाग पडते.

शुक्रवार, २० मार्च

अक्षर बदललेलं दिसेल तुला. गोल गोल, सावकाश, शाई जास्त. हे खालच्या मास्तरांचं आहे. शाळेत तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, आता माझ्या वहीत लिहितात. मी एक वाक्य बोलले की ते त्याला टोपी घालून, बूट घालून लिहितात. म्हटलं, मास्तर, मी बोलते तसंच लिहा. म्हणाले, आजी, भाषेला वळण हवं. माझ्याहून वयाने मोठा माणूस मला आजी म्हणतो, त्याने मला वळण शिकवावं!

तुझी लेक बुधवारपासून माझ्याशी बोलत नाही.

झालं असं. दुपारी उकडायला लागलं म्हणून नवीने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. अस्तर वर. कुणीतरी पाहिलं, अरे, हा पक्षी कसला? मग कुणीतरी बटण ओळखलं. मोठ्या बाईंच्या जुन्या कोटाला तसली चार भोकांची शिंगाची बटणं होती. म्हणजे कावळा मोठ्या बाई! मग काय, प्रत्येकजण कपाटातून घेतलेला कोट उलटा करून बघायला लागला. उशी सापडली. उंदीर सापडला. सगळी कचेरी हसत होती आणि जो तो विचारत होता, "ही चित्रं कुणी काढली?" आणि कपडे कोण घरी नेतं हे सगळ्यांना माहीत.

ही घरी आली ती बूट न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. "तुला सगळ्यांना दाखवायचंच होतं ना? लाल दोरा, आजी! लाल! मी तुला घरात विश्वासाने सांगते आणि तू ते कोटावर शिवून माझ्याच हातून कचेरीत पाठवतेस!"

मी म्हटलं, काळा दोरा होता. ती म्हणाली, "खोटं तरी बोलू नकोस." आणि आतल्या खोलीत गेली.

कपाटाला कुलूप लागलंय. मोठ्या बाईंनी हिला बोलावून इतकंच सांगितलं, तुमच्या नोकरीचं नंतर बघू.

मास्तर, एवढंच लिहा. नाही, चहा नंतर.

सोमवार, २३ मार्च

ताट वाढते, बोलत नाही. औषधाची गोळी ठेवते, बोलत नाही. मी काल मुद्दाम डाळीत मीठ दुप्पट घातलं, निदान त्यावरून तरी ओरडेल. गपचूप खाल्लं आणि तीन तांबे पाणी प्यायली.

मला घरात चैन पडत नाही. खिडकीशी बसते, उठते. भांडी पुसलेली परत पुसते. तू फोन केलास तेव्हा तुला म्हटलं सगळं ठीक आहे, आणि तिनेही तेच म्हटलं. तेवढ्यापुरता आमचा समेट होता.

मास्तरांना ते काळं रीळ दाखवलं. म्हटलं, तुम्हीच सांगा हा कुठला रंग. त्यांनी रीळ हातात घेतलं, बराच वेळ धरलं. म्हणाले, "काळाच म्हणायचा." आणि नाक शिंकरलं. बघ! तीस वर्षं शाळेत असलेला माणूस सांगतोय.

मंगळवार, २४ मार्च

आज मी कचेरीत जाऊन आले. मास्तर म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, तुम्ही भाषेला वळण लावत बसा.

दारातच एका मुलाने हातात चिठ्ठी दिली आणि बसवलं. पाऊण तास बसले. मग नंबर आला तर काउंटरवरचा माणूस विचारतो, "आजी, कोण वारलं?" विम्याचे पैसे मागायला येणाऱ्यांची रांग होती ती. म्हटलं, "अजून कुणी नाही. मोठ्या बाईंना भेटू द्या, मग बघू."

बाईंचा आवाज जिन्यातूनच ओळखला. खोलीत गेले तर बाई उभी राहिली, मला खुर्ची दिली.

"कावळा तुम्ही काढलात?"

"मीच. नातीचा काही दोष नाही. तिला वाटलं दिसणार नाही, मलाही तसंच वाटलं."

"कावळाच का?"

आता खोटं काय बोलू? "तुमचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत येतो म्हणून. मी आत्ता ऐकतच आले."

तिने कपाळावर हात ठेवला. हसली की काय ते तोंड झाकल्यामुळे कळलं नाही. मग म्हणाली, "आजी, कावळ्याचं मला काही नाही. माझा मुलगा घरात मला याहून वाईट म्हणतो. पण त्या दुपारी काय झालं, तुमच्या नातीने सांगितलं तुम्हाला?"

"सगळे हसले म्हणाली."

"मला हसले ते माझ्या पाठीमागे. त्या मुलीला तोंडावर हसले. बाईंनी उतरवलेलं घालतेस होय, म्हणाले. तिने तिथल्या तिथे कोटाची घडी घातली, कपाटावर ठेवली आणि रफूचा सदरा घालून संध्याकाळपर्यंत काउंटरवर बसली. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. अट मी माझ्यासाठी घातली नव्हती."

काय करून बसले मी! मी दिवसरात्र मोठ्या बाईंचा विचार करत होते, नातीचा करत होते, आणि त्या पोरीचं एकदाही मनात आलं नाही. तिला खूण नव्हती ना.

बाईंनी कुलूप काढून कोट माझ्यासमोर धरला. "बघा ना, इतका लालभडक, कुणालाही दिसणारच."

मी म्हटलं, "अहो, काळा आहे तो."

ती म्हणाली, खिडकीपाशी या. गेले. कोट उजेडात धरून म्हणाली, "आता?" मी म्हटलं, "आताही काळाच. तुमच्या खिडकीची काच पुसायला सांगा कुणाला तरी, सगळं धुरकट दिसतंय." तिने पाणी मागवलं. मग माझा दंड धरून स्वतः जिना उतरवायला आली. मला जिने उतरता येतात म्हटलं तरी सोडेना. विचित्र बाई आहे.

गुरुवार, २६ मार्च

ओळखलंस अक्षर? परत आली.

परवा रात्रीचं जेवण झाल्यावर ती माझा शिवणाचा डबा घेऊन समोर बसली. चार रिळं ठेवली. "आजी, यातलं काळं कुठलं?" मी एक उचललं. "आणि निळं?" उचललं. "आणि डाळिंबी? आईच्या त्या साडीचं आणलेलं?" म्हटलं, ते संपलं कधीच. तर माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. मी म्हटलं, अगं, रीळ संपलं तर रडतेस काय, आणू दुसरं. तर जास्तच रडली.

ती म्हणते माझ्या डोळ्यांवर पडदा आलाय. दाखवायची तारीखही घेऊन टाकली. मी म्हटलं, आधी बल्ब बदलून बघ, तो स्वस्त आहे.

मी इतकंच बोलले आणि ही अजून लिहितेय. काय लिहितेयस? "काही नाही, आजी." एवढं मोठं काही नाही?

रविवार, २९ मार्च

नवीचं घर शोधायला आज आम्ही निघणार, तर तीच दारात. आपली झालर परत घ्यायला आली होती. कचेरीने घरी पाठवलेल्या पिशवीत होती ती. आत येईना. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "माझं आहे तेवढं द्या, जाते."

मी झालर शोधायला मुद्दाम वेळ लावला. म्हटलं, "पोरी, मी चुकले. गंमत करताना कोट कुणाच्या अंगावर जाणार ते बघितलं नाही."

"तुम्ही कुठे माझी गंमत केलीत? कावळा बाईंचा होता." मग म्हणाली, "माझं काय काढलं होतं?"

"तुझं काहीच नाही."

"का?"

"तुझ्याबद्दल मला काही माहीत नव्हतं."

ती हसली, पण हसू तोंडभर झालं नाही. "कचेरीतही कुणाला नाही."

तुझी लेक इतका वेळ भिंतीला टेकून होती. ती म्हणाली, "त्या दिवशी मी शेजारीच बसले होते. मी एक शब्द बोलले नाही. मला माझीच पडली होती." मग नवी आत आली.

चहा झाला. कोट मी शुक्रवारीच मागवून घेतला होता, तो काढला. म्हटलं, कावळा उसवून देते. ती म्हणाली, राहू दे, उसवला तर टाक्यांची भोकं राहतील, मग सगळे तीच बघतील. "त्याच्या शेजारी माझं काढा काहीतरी." काय काढू विचारलं तर म्हणाली, "आधी ओळख तर होऊ दे."

तोंडाची तिखट आहे. मला आवडली. रविवारी कॉलर उलटवायला शिकायला येते म्हणालीय. दोरा तीच ओवेल. मास्तरांचा चहा वाचला.

शनिवार, ११ एप्रिल

काल निकाल लागला. पक्की नाही, काढूनही टाकलं नाही. कच्चीच, आणखी तीन महिने. मोठ्या बाई म्हणाल्या, काम चांगलं आहे, पण ऐकलेलं पोटात ठेवता येतं का ते बघायचंय. ही घरी आल्यावर खिडकीशी उभी राहिली, मग म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." मला काही बरोबर वाटत नाही. पण पोटात ठेवायचं मीही शिकतेय, म्हणून एवढंच बोलते.

नवी सोमवारपासून कामावर आहे, तोच कोट घालून. कुणीतरी परत काहीतरी म्हणालं तर तिने अस्तर उलटं करून दाखवलं आणि विचारलं, "तुमचा उंदीर कसा आहे?" त्यानंतर कुणी बोललं नाही म्हणे.

कपाट कचेरीत नको असं ठरलं. ते लोखंडी धूड दोन हमालांनी आणून आपल्या पुढच्या खोलीत ठेवलंय. तुझा पलंग त्यासाठी भिंतीला उभा करावा लागला. आलीस की आडवा करू. काल त्यातून तीन माणसं कपडे घेऊन गेली आणि एकाने चार सदरे दिले. आणि मोठ्या बाईंनी स्वतःचं एक पुडकं पाठवलं, आतल्या सदऱ्याला मानेखाली आधीच खूण शिवलेली. स्वतः शिवली म्हणे. मी बोट फिरवून बघितलं. कावळा काढायला गेली आणि बदक झालंय.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या मंगळवारची. आधी उजवा. मास्तर सोबत येणार, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. वही उद्या टपालाने तुझ्याकडे पाठवतोय, तू येईपर्यंत कोण थांबणार? तुझ्या लेकीने मधल्या पानांवर तुला काय काय लिहिलंय मला ठाऊक नाही. "आई, ये" असं लिहिलं असेल तर ते तिचं. माझं हे आहे की घाई करू नकोस, तुझ्या तिथल्या म्हाताऱ्यांना आधी नीट कुणाच्या तरी हाती सोपव. आम्ही तिघी इथे आहोत. आणि डोळा उघडल्यावर पहिलं काय बघायचं ते मी ठरवलंय, पण ते सांगत नाही, तू विसरशील.

पिवळे पडलेले सात सदरे थांबलेत. अक्रोड पाठव. दोन किलो तरी पाठव. गर आम्ही खाऊ, मास्तरांनाही देऊ. पण कवचासकट पाठव.